भरलेला फ्रिज घेऊन बाजाराला

मोटरहोमच्या रील्समध्ये सगळं असतं. मागचं दार उघडलं की हिरवी टेकडी, हातात वाफाळता चहा, पांढऱ्या चादरीवर पसरलेले पाय आणि खाली ‘घर पाठीवर घेऊन निघालो’ अशी ओळ. एक वस्तू मात्र कधीच दिसत नाही. बाजाराची पिशवी.

गेली काही वर्षं मी बर्मिंगहॅममध्ये राहते. ओळखीतल्या मराठी मंडळींत सध्या मोटरहोमची लाट आहे. बँक हॉलिडे जवळ आला की गाडी भाड्याने ठरते आणि पाठोपाठ शिध्याची यादी व्हॉट्सॲपवर फिरायला लागते. फ्रोझन पराठे, पोहे, इडलीचं पीठ, मॅगी, कांदे-बटाटे, कुकर. चार दिवसांचं सगळं गाडीत चढतं आणि गाडी एखाद्या जुन्या मार्केट टाउनकडे निघते. मार्केट टाउन म्हणजे बाजाराचं गाव. बाजाराच्या गावाला निघालेली माणसं बाजार घरूनच करून निघतात आणि यात कुणालाच काही खटकत नाही. मला खटकतं, म्हणून हे लिहिते आहे.

माझं भांडण पराठ्याशी नाही. परदेशात फिरताना आपल्या चवीचा घास लागतो, हे मला कुणी शिकवायला नको. माझं म्हणणं वेगळं आहे. अशी गावं नुसती बघण्यासाठी वसलेली नव्हती. बाहेरून येणाऱ्याने काहीतरी विकावं, काहीतरी घ्यावं, थोडा कर भरावा आणि निघावं, या व्यवहारावर ती शेकडो वर्षं जगली. आपण तिथे जातो, जागा अडवतो, फोटो काढतो आणि आपल्याच फ्रिजमधलं खाऊन परततो. वर याला ‘स्वातंत्र्य’ म्हणतो. हे स्वातंत्र्य नाही, फुकटेपणा आहे.

उदाहरण म्हणून लडलो घेते, कारण ते गाव मला माहीत आहे. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशर परगण्यातलं हे जेमतेम दहा-अकरा हजार वस्तीचं गाव. टीम नदीच्या वळणावर टेकडी, टेकडीवर अकराव्या शतकाच्या अखेरीस उभारायला घेतलेला नॉर्मन किल्ला आणि किल्ल्याच्या दारात बाजार. किल्ल्याचा इतिहास दांडगा आहे. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ राजपुत्र आर्थर 1502 साली इथेच वारला. तो जगला असता तर हेन्री कदाचित राजा झालाच नसता. वेल्सचा कारभार पाहणारं मंडळ 1689 पर्यंत इथूनच चालत होतं. गावात जवळपास पाचशे इमारती सरकारी संरक्षित यादीत आहेत. लाकडी नक्षीने मढलेलं ‘द फेदर्स’ हे हॉटेल ज्या इमारतीत आहे ती 1619 सालची.

हे सगळं रील्समध्ये येतं. येत नाही तो किल्ल्यासमोरचा चौक. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार इथे पट्ट्यापट्ट्यांच्या छपरांखाली बाजार भरतो. भाजी, पाव, चीज, फुलझाडं, जुनी पुस्तकं. पर्यटकांसाठी उभा केलेला हा देखावा नाही. आजूबाजूच्या शेतावरची माणसं आजही इथे खरेदीला येतात.

असा बाजार पूर्वी कुणालाही, कुठेही भरवता येत नसे. त्यासाठी राजाची सनद लागे. तेराव्या शतकातला कायदेपंडित ब्रॅक्टन याने दोन बाजारांमधल्या अंतराचा हिशोब मांडून ठेवला आहे. माणूस दिवसभरात साधारण वीस मैल चालतो. त्या दिवसाचे तीन भाग करा. एक भाग बाजाराला जायला, एक खरेदी-विक्रीला, एक उजेडात घरी परतायला. म्हणून एका बाजारापासून 6 मैल आणि वर दोन-तृतीयांश मैलाच्या आत दुसरा बाजार नको. सुमारे 11 किलोमीटर. तालुक्याच्या आठवडी बाजाराला पायी जाणाऱ्या आपल्या आजी-पणजीला हा हिशोब न सांगता कळला असता.

त्याहून मला आवडतं ते त्या काळचं एक न्यायालय. बाजारात आणि जत्रेत येणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचे तंटे तिथल्या तिथे मिटवण्यासाठी ते भरे. नाव ‘पायपावडर कोर्ट’. ऐकून पायाला लावायची पावडर आठवते, पण मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ आहे ‘धुळीने माखलेले पाय’. उद्या पुढच्या गावाला निघणाऱ्या माणसाला तारखांवर तारखा देऊन चालणार नाही, त्याचा निवाडा आजच व्हायला हवा, एवढी समज त्या व्यवस्थेत होती. बाहेरचा माणूस येणार, त्याला उभं राहायला जागा लागणार, त्या जागेचं भाडं घ्यायचं आणि त्याला न्यायही द्यायचा. बाजाराच्या गावाने पाहुण्याशी केलेला करार एवढा साधा होता.

आज तोच करार दोन्ही बाजूंनी मोडला जातो आहे.

गावांची बाजू आधी सांगते. इंग्लंडमधल्या किती तरी कार पार्कच्या तोंडावर एक आडवा लोखंडी दांडा असतो, जमिनीपासून साधारण दोन मीटरवर. मोटरहोमची उंची असते तीन मीटरच्या आसपास. दांडा नसेल तर पाटी असते की रात्री झोपायला मनाई. गाडी उभी करायची खूण केलेली चौकट असते 4.8 मीटर लांबीची आणि गाडी सहा-सात मीटरची. एका गावात, नाव सांगत नाही, आम्ही दोन चौकटींचे पैसे भरायला तयार होतो. तिथला माणूस म्हणाला, नियमात तशी सोय नाही. पैसे घेऊन समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला बाजाराचं गाव परत पाठवतं, याला काय म्हणायचं? ज्यांच्या पूर्वजांनी धुळीच्या पायांसाठी कोर्ट भरवलं, त्यांना चार गाड्यांपुरती जागा आखता येऊ नये?

आणि हे काही अशक्य नाही. खाडी ओलांडून फ्रान्समध्ये जा. तिथे लहान-लहान गावांनी मोटरहोमसाठी राखीव तळ केले आहेत. असे तळ हजारोंनी आहेत. पाण्याचा नळ, सांडपाणी सोडायची जागा, टॉयलेटची टाकी रिकामी करायची सोय, आणि भाडं थोडके युरो किंवा तेही नाही. हा दानधर्म नव्हे. सकाळी गाडीतून उतरलेला माणूस पाववाल्याकडे जातो, दुपारी खानावळीत बसतो, हे तिथल्या गावकारभाऱ्यांना ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये कँटरबरीने पार्क अँड राईडच्या आवारात अशी सोय करून पाहिली. बाकीच्यांना कुणी अडवलं आहे?

पण आता आपली बाजू. गावातली माणसं विचारतात, ‘या गाड्या जागा अडवतात, देतात काय?’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही. भरलेला फ्रिज हेच त्यांचं सगळ्यात भक्कम कारण आहे आणि ते आपणच त्यांच्या हातात देतो.

आपल्या सबबी मला पाठ आहेत. पहिली, ‘स्वस्त पडतं.’ कशाच्या तुलनेत? मोटरहोमचं भाडं, इंधन, विमा, तळाचे पैसे हे सगळं धरलं तर दिवसाचा खर्च सहज शंभर पौंडांपुढे जातो. तो निमूट भरायचा आणि तीन-चार पौंडांच्या पावापाशी काटकसर आठवायची, याला हिशोब म्हणत नाहीत. शिकायला आलेली, चौघांत खर्च वाटणारी मुलं असतील तर त्यांना मी सरळ सांगेन की मोटरहोम घेऊच नका. लडलोला रेल्वे स्टेशन आहे, श्रूजबरी ते हेरफर्ड या मार्गावर. स्टेशनपासून बाजाराचा चौक चालत गाठता येतो. वाचलेल्या पैशांत पोटभर खा.

दुसरी सबब, ‘शाकाहाऱ्यांना तिथे काय मिळणार?’ मे महिन्यात मी, आतेभाऊ आणि वहिनी लडलोला गेलो तेव्हा आमच्या फ्रिजमध्ये दूध, दही आणि लोणच्याची बरणी एवढंच होतं. बाकी सगळं चौकातून घेतलं. पाव, लोणी, चीज आणि ॲस्परॅगसच्या दोन जुड्या. विकणाऱ्या बाईंनी देठ वाकवून दाखवला. जिथे आपोआप तुटतो तिथून खालचं टाकायचं, सुरी लावायची नाही. वहिनी शाकाहारी. तिने गाडीतल्या दोन शेगड्यांवर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन भाजी केली. दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सांगितलं, तर त्यांनी मोहरी आधी घालायची की नंतर, हे कागदावर लिहून घेतलं. कढीपत्ता आपला, भाजी त्यांची. आपल्या चवीने खायला आपला अख्खा किराणा सोबत लागत नाही. मिसळणाचा डबा पुरतो.

तिसरी सबब, ‘आम्हाला गावात थांबूच देत नाहीत.’ हे अर्धं खरं आहे, वर लिहिलंच. पण रस्ते आहेत. इंग्लंडमध्ये परवानगीवाचून कुठेही गाडी लावून झोपायचा सर्वसाधारण हक्क नाही. त्याऐवजी शेतांवर लहान तळ असतात. 1960 च्या कायद्यातल्या सवलतीमुळे मान्यताप्राप्त क्लब एखाद्या शेतकऱ्याला एका वेळी पाच गाड्यांपर्यंतचा तळ चालवू देतात, क्लबच्या सभासदांसाठी. सभासद व्हा. पैसे शेतकऱ्याला मिळतात, गाडी गावाबाहेर राहते आणि तुम्ही चालत गावात शिरता. जुन्या गावात शिरायची खरी रीत तीच आहे. लडलोचा ‘ब्रॉड गेट’ हा मध्ययुगीन वेशीचा दरवाजा आजही उभा आहे. त्याच्या कमानीखालून पायी गेलात तर गाव चढत-चढत उलगडतं. सात मीटरची गाडी घेऊन त्या गल्ल्यांत घुसणारा चालक गाव पाहत नाही, आरसे पाहतो.

आता एक गोष्ट खास मराठी वाचकासाठी. लडलोचा किल्ला आज पोविस इस्टेटच्या मालकीचा आहे. 1811 साली तो इंग्लंडच्या राजसत्तेकडून विकत घेतला पोविसच्या अर्लने. हा अर्ल म्हणजे एडवर्ड क्लाइव्ह, 1798 ते 1803 या काळातला मद्रासचा गव्हर्नर आणि रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. बाप श्रॉपशरचाच. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, हाच रॉबर्ट क्लाइव्ह ॲडमिरल वॉटसनबरोबर आपल्या विजयदुर्गावर होता. तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, किल्ला पडला. इंग्रज त्या वेळी पेशव्यांचे दोस्त म्हणून आले होते, तरी लूट त्यांनी आपसांतच वाटून घेतली आणि किल्ला पेशव्यांच्या हाती द्यायला ऑक्टोबर उजाडला. तोही बाणकोटच्या बदल्यात.

लडलोच्या किल्ल्याचा प्रत्येक दगड आपल्या पैशाचा आहे असं मी म्हणत नाही. तो किल्ला क्लाइव्हच्या सातशे वर्षं आधीचा आहे. पण क्लाइव्ह घराण्याची श्रीमंती हिंदुस्थानातून आली होती आणि त्या घराण्याने हा किल्ला घेतला, एवढं तिथे तिकीट काढणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक असावं. बाजारात आलेल्याला भाव विचारायचा हक्क असतो. हा किल्ला केवढ्याला पडला, कुणाच्या पैशाने, हे विचारा. गाडीच्या खिडकीतून फोटो काढणाऱ्याला असे प्रश्न सुचत नाहीत, कारण त्याच्यासाठी गाव म्हणजे नुसता मागचा पडदा.

हे सगळं इंग्लंडपुरतं राहणार नाही. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे अशा गाड्या आपल्याकडेही वाढाव्यात अशी सरकारची इच्छा आहे. मग उद्या विजयदुर्गाच्या पायथ्याशी पुण्या-मुंबईची मोटरहोम उभी राहील. तिच्या फ्रिजमध्ये सुपरमार्केटचा माल असेल, सांडपाणी कुठे सोडायचं ते कुणी ठरवलेलं नसेल आणि गावातली खानावळ रिकामी असेल. तेव्हा गावाने रस्त्यावर आडवा दांडा टाकला, तर आपण गावाला अडाणी म्हणू का?

ते टाळायचं असेल तर जुना करार दोघांनी पाळावा. गावांनी दांडे काढून जागा आखावी, नळ द्यावा आणि बिनदिक्कत भाडं घ्यावं. आपण फ्रिज रिकामा न्यावा, टाकी ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करावी, पायी गावात जावं आणि पिशवी भरून परतावं. यात कुणाचं काही जात नाही. आणि सुरुवात पाहुण्याने करावी, कारण दार त्यांचं आहे. लडलोला जाणार असाल तर बाजाराचे चार वार वर दिलेच आहेत. सुट्टी त्या बेताने टाका.