ब्रेकचा बूस्टर आणि मालकाची जबाबदारी

व्यापारीबंधूंनो, धान्याच्या धंद्यात आपण पोत्याचे वजन, मालाची प्रत आणि उधारीची मुदत यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. तोच माल वाहणाऱ्या ट्रकच्या ब्रेककडे मात्र आपले लक्ष नसते. हा दोष माझ्याही पदरी आहे, म्हणूनच हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या वखारीचा जुना डिझेल ट्रक बेळगावहून गव्हाची पोती घेऊन आंबोलीचा घाट उतरत असता ब्रेकचे पायडल एकाएकी दगडासारखे कठीण झाले. ड्रायव्हर मुरलेला, तो खालच्या गिअरवरच उतरत होता, म्हणून गाडी कडेला घेऊ शकला. परतल्यावर एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला, की व्हॅक्यूमचा बूस्टर काढून टाकावा आणि भंगारातील दुसऱ्या गाडीचा, स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालणारा बूस्टर बसवावा. खर्च थोडा आणि जोर अधिक. मी होकार देणारच होतो. इतक्यात ड्रायव्हर म्हणाला, "शेठजी, गाडी तुमची खरी, पण घाटात ब्रेकवर पाय माझा असतो." मी निरुत्तर झालो व गाडी दुसऱ्या, जाणत्या मिस्त्रीकडे नेली.

त्याने उलगडा केला तो असा. पेट्रोल इंजिनात हवा रोखणाऱ्या झडपेमुळे बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनातूनच मिळतो. जुन्या डिझेल इंजिनात तशी झडप नसल्याने त्यासाठी निराळा पंप असतो. बूस्टरमधील पडद्याच्या एका अंगास व्हॅक्यूम व दुसऱ्या अंगास बाहेरची हवा, या दाबाच्या फरकाने पायाचा जोर वाढतो. आमचा बूस्टर निर्दोष होता. पंपाकडून येणारी रबरी नळी तडकली होती. नळी बदलताच काम झाले.

परीक्षाही सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पायडल कठीण होईपर्यंत चार-सहा वेळा दाबावे, मग तसेच दाबून धरून इंजिन सुरू करावे. पायडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम देत आहे असे समजावे. न गेले तर पंप, नळी, झडप व बूस्टर क्रमाने तपासावे.

माझे स्पष्ट मत असे, की तराजूचे एकच पारडे बदलून माप खरे होत नाही, तसा परका बूस्टर जोडून ब्रेक खरा होत नाही. तेलाच्या दाबाचा बूस्टर घ्यायचा तर त्याला पुरेल असा पंप हवा, उच्च दाब सोसणाऱ्या नळ्या हव्यात, मास्टर सिलिंडरचे माप जुळावयास हवे. स्टिअरिंगचे खनिज तेल चुकून ब्रेकच्या तेलात मिसळले, तर रबरी वायसर फुगून निकामी होतात. शिवाय बूस्टर केवळ पायाचा जोर वाढवितो. तापलेल्या ड्रमची व झिजलेल्या लायनरची शक्ती तो वाढवीत नाही.

जुना भाग मिळेनासा झाला म्हणून बदल अटळ ठरेलही. तेव्हा तो उत्पादकाच्या माहितगार माणसाकडून, सर्व जोडभागांसह करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीतील फेरबदलांना मर्यादा आहेत. म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

आणखी एक गोष्ट. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची खोड काही ठिकाणी आहे, आणि मालक तिकडे कानाडोळा करतात. इंजिन थांबले की पंप थांबतो. साठलेला व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो व ऐन वळणावर पायडल कठीण होते. ही काटकसर नव्हे, दुसऱ्याच्या जिवावर घेतलेली उधारी आहे.

दिवाळीला आपण वह्यांबरोबर काटेही तपासतो. त्याच दिवशी ड्रायव्हरला जवळ बसवून ब्रेकविषयी विचारावे आणि तो सांगेल ती दुरुस्ती घासाघीस न करता करावी, एवढीच नम्र विनंती.