कडू चवीचे रसग्रहण

'रस' हा शब्द आपल्या काव्यशास्त्राने जिभेच्या व्यवहारातून उचललेला आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रससंकल्पना समजावून सांगताना भरत दृष्टान्त देतो तो जेवणाचा. नाना व्यंजनांनी संस्कारित झालेले अन्न सुमनस माणूस ज्याप्रमाणे चाखतो, त्याप्रमाणे प्रेक्षक स्थायीभावांचा आस्वाद घेतो. हा दृष्टान्त आपण वर्गात दरवर्षी सांगतो आणि लगेच शृंगार, वीर, करुण यांच्याकडे वळतो. जिभेकडे पुन्हा जात नाही. प्रस्तुत लेखात तेवढे करून पाहायचे आहे. त्यासाठी मुद्दाम एक कडू पेय निवडले आहे : कॅलिफोर्नियातील चिको या गावची 'सिएरा नेवाडा पेल एल' ही बियर. हॉप्सच्या चवीवर उभ्या असलेल्या अमेरिकी क्राफ्ट बियरमधील ती अभिजात कृती समजली जाते. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा हेतू नाही. किंबहुना नशा चढू लागली की जीभ बधिर होते, त्यामुळे रसिकाचे काम पहिल्या ग्लासातच संपलेले असते.

कडूपणाविषयी आपली भाषाच आधी तपासली पाहिजे. आयुर्वेदातील षड्रसांत मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय येतात. यांतील 'कटु' म्हणजे तिखट, आणि ज्याला आपण कडू म्हणतो तो 'तिक्त'. 'कटु'पासून आलेला 'कडू' हा शब्द मराठीत येताना एका चवीवरून दुसऱ्या चवीवर सरकला. त्या चवीचे नैतिक ओझे मात्र कायम राहिले. सत्य कटू असते, अनुभव कडू असतो, औषध कडू असते. पाडव्याला आपण कडुनिंब खातो तो गुळाबरोबर आणि वर्षभराच्या आरोग्यासाठी. कारल्याची भाजी करताना ते मीठ लावून पिळून घेतो. तात्पर्य, कडू आपण स्वीकारतो ते उपयुक्त म्हणून. कडूपणाचा कडूपणा म्हणून आस्वाद घेता येतो, ही गोष्ट आपल्या बोलण्यात क्वचितच येते.

याला शारीरिक कारणही आहे. अनेक वनस्पतिजन्य विषे कडू असतात, म्हणून तान्हे मूलही कडू थेंब बाहेर ढकलते. माणसाच्या शरीरात कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत. तेव्हा कडूची आवड निसर्गाने दिलेली नसते; ती कमवावी लागते. अशी कमावलेली अभिरुची साहित्याच्या अभ्यासकाला परकी नसावी.

हॉप्स ही भांगेच्या कुळातील वेल आहे. तिच्या मादी फुलांच्या बोंडांत पिवळी, चिकट भुकटी असते. मोड आणून भाजलेल्या जवाचे गोडसर पाणी उकळताना त्यात ही बोंडे टाकतात. उकळीत हॉप्समधील अल्फा आम्लांची रेणुरचना बदलते आणि कडवटपणा उतरतो. मात्र दीर्घ उकळीत सुगंध उडून जातो. म्हणून कडूपणासाठी हॉप्स आधी टाकायचे आणि सुगंधासाठी अगदी शेवटी, अशी रीत आहे.

पेल एल हा प्रकार मूळचा इंग्लंडचा. एकोणिसाव्या शतकात तो पिंपांतून मुंबई-कलकत्त्यालाही येत असे. 'इंडिया पेल एल' हे नाव त्या व्यापाराची खूण आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकाअखेर बियरचे कारखाने शंभराहून कमी उरले होते आणि बहुतेकांची बियर फिकट, सौम्य, एकसारखी होती. १९७२मध्ये ऑरेगनमधील सरकारी संशोधनातून 'कॅस्केड' हे हॉप्सचे नवे वाण प्रसृत झाले. १९७५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने 'लिबर्टी एल'मध्ये ते वापरले. केन ग्रॉसमन आणि पॉल कामुसी यांनी दुग्धशाळांतील जुनी भांडी जमवून १९८०मध्ये चिकोत बियर करायला घेतली, तीही याच वाणावर भिस्त ठेवून. पेल एलच्या सुरुवातीच्या अनेक खेपा मनासारख्या न उतरल्याने त्यांनी ओतून दिल्या. कडूपणा मोजण्याचे एक आंतरराष्ट्रीय एकक आहे. रुळलेली अमेरिकी लागर त्या मापावर दहाच्या आसपास असते. ही बियर ३८ भरते. अल्कोहोलचे प्रमाण ५.६ टक्के.

आता प्रत्यक्ष आस्वाद. ही बियर बर्फासारखी गार पिऊ नये, कारण थंडीने गंध मिटतो. सात ते दहा अंश सेल्सिअस पुरेसे. ग्लासात रंग दिसतो तो गडद सोनेरी, तांबूस छटेचा. बाटलीतच थोडे किण्वन झालेले असल्याने किंचित गढूळपणाही येऊ शकतो. ओठ लावण्यापूर्वी वास घ्यावा. इंग्रजी वर्णनांत इथे ग्रेपफ्रूट आणि पाइन हे शब्द हटकून येतात. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्रे यांचा संकर. तेव्हा सोलताना बोटांना लागणाऱ्या पपनसाच्या सालीचा वास आणि देवदाराच्या ओल्या लाकडाचा, राळेचा वास आठवला, तरी आपल्याला पुरे. पहिला घोट जिभेवर आधी गोड लागतो : भाजलेला जव, पावाचे कवच, जराशी कॅरमेल. मग कडू येते. गिळून झाल्यावरही ते जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळते आणि तोंड कोरडे करून पुढच्या घोटाची इच्छा निर्माण करते. म्हणून दुसरा घोट पहिल्यासारखा लागत नाही. तो आधीच्या कडूवर पडतो.

मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे मांडली. या बियरच्या घडणीला ती परिभाषा चपखल लागू पडते. जवाची गोडी आणि हॉप्सचा कडूपणा यांचा विरोध. सालीचा गंध आणि सालीसारखा कडवटपणा यांचा संवाद. आणि दोन्हींचा असा समतोल, की कडूपणा लपत नाही आणि एकटाही पडत नाही. गूळ कडुनिंबाला झाकण्यासाठी असतो. इथली गोडी कडूला उठाव देते.

परंतु आस्वादाला भाषा मिळाली की तिचे साचेही होतात. मायकल जॅक्सन या इंग्रज बियरसमीक्षकाने (गायक नव्हे, हा १९४२ ते २००७) १९७७च्या 'द वर्ल्ड गाइड टू बियर' या ग्रंथात जगभरच्या बियरची प्रकारवार मांडणी केली आणि या पेयाला समीक्षेची परिभाषा मिळवून दिली. पुढे परीक्षकांसाठी गुणपत्रिका आल्या. अमेरिकेतील 'बियर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम'च्या ५० गुणांच्या पत्रिकेत गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण प्रभावाला १० गुण असतात. हे वाचून मराठीच्या प्राध्यापकाला आपली प्रश्नपत्रिका आठवावी : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. अशा चौकटी निरुपयोगी नसतात. कुठे पाहायचे हे त्या शिकवतात. मात्र पपनसाचा वास न येताही 'ग्रेपफ्रूट' लिहिता येते, तसे कविता न वाचताही 'ही कविता वाचकाला अंतर्मुख करते' असे लिहिता येते, आणि दोन्हीकडे गुण मिळतात.

'अंतर्मुख करते' या वाक्याचा प्रश्न अधिक खोल आहे. मर्ढेकरांचे 'काही कविता' १९४७मध्ये आले, तेव्हा अनेकांना ते गिळवले नाही. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. आज त्या कविता अभ्यासक्रमात सुखाने नांदतात. त्यांना आपण आत घेतले ते कोणत्या नावाने? यंत्रयुगाचे भीषण वास्तव, मूल्यऱ्हास, समाजप्रबोधन. म्हणजेच औषध म्हणून. 'गोलपिठा'चेही आपण पुष्कळदा हेच केले. हा संग्रह १९७२चा. बियरचा कडवटपणा आणि नामदेव ढसाळांच्या कवितेतील कडवटपणा एका पातळीवर ठेवण्याचा प्रमाद कोणी करू नये. एक हौसेने चाखण्याचा आहे, दुसऱ्यामागे माणसांची जळलेली आयुष्ये आहेत. पण म्हणूनच त्या कवितेचा शब्द, तिची लय, तिची शिवी यांची चव न घेता केवळ 'दाहक वास्तव' म्हणून पुढे जाणे ही तिची अवहेलना आहे. उपयोग सांगून संपवलेली कविता चाखली गेलेली नसते.

यावर आक्षेप येईल की असा आस्वाद हा फावल्या वेळाचा, सुखवस्तू माणसाचा चाळा आहे. बियरच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. कवितेच्या बाबतीत मला तो मान्य नाही. प्रबोधन झाले की औषधाची बाटली ठेवून देता येते. चव लागलेला वाचक मात्र परत येतो.

शेवटी अभिजाततेविषयी. हॉप्सचा सुगंध टिकाऊ नसतो; काही महिन्यांत तो विरतो, आणि उन्हात राहिलेली बियर रासायनिक बदलाने दुर्गंधी होते. त्यामुळे चार दशकांची ही अभिजात बियर जुनी करून पिता येत नाही. ती पुन्हा पुन्हा नव्याने करावी लागते आणि ताजीच प्यावी लागते. अभ्यासक्रमात लावलेल्या कवितेलाही हाच नियम आहे. गेल्या वर्षीच्या टिपणांतून ती वर्गात आणली, तर मुलांपर्यंत नाव पोचते, चव पोचत नाही. निदान एका तासाला तिचे तात्पर्य बाजूला ठेवून ती मोठ्याने वाचावी, आणि जिभेला काय लागले ते मुलांना आधी विचारावे.