फुकटचं पाणी

चातुर्मासात कंदमुळं वर्ज्य, रात्रीचं जेवण वर्ज्य, पाणी दुहेरी फडक्यानं गाळलेलं. जिवाणीसुद्धा आपण जपून विहिरीत परत सोडतो. पण त्याच विहिरीलगतच्या शेतात टँकरनं मळीचं पाणी ओततात, तेव्हा आपण पदर सावरून बाजूला होतो. "खतच आहे की ते अक्का, आणि फुकट!" असं माझा सख्खा भाऊ मला म्हणाला.

फुकट? मळीपासून एक लिटर स्पिरिट काढताना साधारण 8 ते 15 लिटर असलं तपकिरी, आंबूस पाणी निघतं. नियमानं ते आटवून जाळायचं किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करायचं. त्याला खर्च येतो. तो खर्च आपल्या मातीनं सोसायचा, एवढाच या फुकटाचा अर्थ.

पिकाला नत्र लागतं, कबूल. पण मीठ लागतं म्हणून आमटीत मूठभर कोणी घालत नाही. जास्तीच्या नत्राचं मातीतले सूक्ष्म जीव नायट्रेट करतात. त्यात आम्ल सुटतं. नायट्रेट माती धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरतं, जाताना चुनाही नेतं. वर क्षार साठतात. ऊस नुसता पाल्यानं माजतो, लोळतो, साखरेचा उतारा घटतो.

आणि खाली उतरलेलं विहिरीत येतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको. त्याला रंग नाही, वास नाही. फडक्यात ते अडकत नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि ते उलट दाटतं. तान्ह्या बाळाच्या बाटलीत असलं पाणी गेलं, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. आपलं गाळणं-उकळणं इथं हरतं.

मातीला आपण पृथ्वीकाय जीव म्हणतो. विनाकारण जमीन खणणं हा अनर्थदंड, असं प्रवचनात ऐकतो. मग हे काय? बटाटा सोडला की हिंसा सुटली का? कारखान्याचे शेअर आपल्याच कपाटात, साखर आपल्याच डब्यात, शेतही आपलंच.

तेव्हा बायांनो, यंदाच्या व्रतात एक नेम वाढवा. टँकर बांधावर आला की पाणी तपासल्याचा कागद मागा. घरच्या विहिरीचं नायट्रेट तपासून घ्या. कारखान्याच्या सभेत नवऱ्याला प्रश्न विचारायला लावा; सभासद तुम्ही असाल तर स्वतः उठा. जिवाणी जपून सोडायची, तर ती सोडतो ती विहीरही जगली पाहिजे.