रँक कशाला हवी?

आपल्याकडे आकड्यांना तोटा नाही. सीईटीचा पर्सेंटाइल, सेमिस्टरचा सीजीपीए, राहिलेल्या केट्या! पण मित्रहो, आकडा हातात आला की त्याचं करायचं काय? आपलं उत्तर ठरलेलं: रांग लावायची आणि कट-ऑफखालच्यांना बाहेर काढायचं. 'गो' खेळणाऱ्यांनी यावर जास्त शहाणं उत्तर शोधलंय, असं माझं मत आहे.

गो हा १९ बाय १९ रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळायचा खेळ. चीनमध्ये जन्मला, जपान-कोरियात वाढला. नवशिका साधारण ३० क्यूवर असतो. खेळ सुधारला की आकडा उतरत १ क्यूवर येतो आणि मग १ दान, २ दान अशी चढण सुरू होते. (हे दान दक्षिणेतलं नव्हे! ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८३ मध्ये उचललेलं हेच ते 'दान'.)

खरी गंमत पुढे आहे. हौशी खेळाडूंमध्ये एक पायरी म्हणजे एक सोंगटी. ५ क्यूवाला १ क्यूवाल्यासमोर बसला, तर तो चार काळ्या सोंगट्या आधीच पटावर मांडतो. अशा नऊपर्यंत मिळू शकतात. आता डाव कुणीही मारू शकतो, म्हणून दोघांनाही डोकं चालवावं लागतं. रँकचा उपयोग काय, तर सामना बरोबरीचा करणे!

आणि रँक चुकीची असेल तर? युरोपातलं गो रेटिंग अर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बुद्धिबळासाठी बसवलेल्या गणितावर आधारलेलं आहे. अपेक्षेपेक्षा चांगले खेळलात तर गुण वाढतात, वाईट खेळलात तर घटतात. तिथे शंभर गुण म्हणजे एक पायरी. कंट्रोल सिस्टिमवाल्यांनो, हा चक्क क्लोज्ड लूप आहे!

याउलट जपानी व्यावसायिकांचं दान एकदा मिळालं की खाली येत नाही. साहजिकच ९ दानवाल्यांची गर्दी झाली, आणि २००३ मध्ये जपानी गो संघटनेला बढतीचे नियम बदलावे लागले. जो आकडा एकाच दिशेने सरकतो, तो हळूहळू खोटं बोलायला लागतो. आपला सीजीपीए तरी काय वेगळा? पहिल्या सेमिस्टरचा ग्राफिक्सचा घोळ शेवटच्या वर्षापर्यंत मानगुटीवर बसतो, भले पोरगं आज फक्कड कोड लिहीत असो.

युनिव्हर्सिटी काही आपलं ऐकणार नाही, मान्य. पण प्रोजेक्टचे ग्रुप तर आपणच पाडतो ना? तिथे टॉपर टॉपरला धरून बसतात आणि उरलेल्यांचा 'उरलेला' ग्रुप होतो. त्याऐवजी कच्च्या गड्याला चार सोंगट्या देऊन बघा: सोपं मोड्यूल, थोडा जास्त वेळ, शेजारी बसणारा एक जाणकार. तो जमवायला लागला की एकेक सोंगटी काढून घ्या.

सोंगट्या कमी होत जाणं, हीच त्याची खरी मार्कशीट!