बंदूक जुनी म्हणून रडू नका, काडतूस कोणत्या सालचं ते विचारा

२६ नोव्हेंबर जवळ आला की एक पोस्ट हमखास फिरते. थ्री नॉट थ्री घेतलेल्या पोलिसाचा फोटो आणि खाली ओळ, 'पहिल्या महायुद्धातली बंदूक घेऊन हे एके-४७शी लढणार!' लोक हळहळतात, शेअर करतात आणि महिना संपायच्या आत विसरतात.

मंडळी, माझा या पोस्टवर आक्षेप आहे. ती खोटी आहे म्हणून नाही, तर अर्धी आहे म्हणून. आणि या अर्ध्या रडगाण्याचा फायदा नेमका त्यांनाच होतो, ज्यांना जाब विचारायला हवा.

आधी बंदुकीचं बघू. आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो ती ली-एन्फील्ड रायफल. तिचं गाजलेलं मार्क थ्री मॉडेल १९०७ सालचं. मॅगझीनमध्ये १० गोळ्या, आणि दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायचा. एके-४७ समोर ती कमीच पडणार, यात वाद नाही. पण याच रायफलीवर १९१४ सालच्या ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला १५ नेम धरलेल्या गोळ्यांची अपेक्षा असायची. त्या शिपायाला काही वेगळे हात नव्हते. त्याला सरावाला काडतुसं मिळत होती, एवढंच.

आता आपल्याकडे या. २६/११ नंतर राज्य सरकारनेच राम प्रधान समिती नेमली. सरावासाठी काडतुसांचा तुटवडा आणि त्यामुळे रखडलेला गोळीबार सराव, हा मुद्दा त्या चौकशीतच पुढे आला. आपण मात्र इतकी वर्षं बंदुकीच्या वयावर बोलत बसलो. ज्या शिपायाने वर्षभरात खटका ओढलेला नाही, त्याच्या हातात उद्या नवीकोरी रायफल दिली तर काय होईल? फोटो चांगला येईल. बस.

गंमत बघा. हीच जुनी रायफल इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात हौशी लोक आजही चालवतात. स्पर्धा होतात. काही जण तर काडतूसही स्वतः भरतात. तिथे कायद्याच्या चौकटीत ते चालतं. आपल्याकडे विनापरवाना काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे आणि तो तसाच असावा. कुणी घरी काडतुसं भरावीत, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण त्या माणसांची काळजी बघण्यासारखी आहे.

ही रायफल खंदकातल्या चिखलात अडकू नये म्हणून तिचं चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं असतं. त्यामुळे गोळी सुटताना पितळी पुंगळी बुडापाशी ताणली जाते. तीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरली की तिथे पातळ होते आणि एक दिवस फाटते. म्हणून हे लोक प्रत्येक पुंगळी आतून तपासतात. बारीकशी चर जरी लागली तरी फेकून देतात. दारू तोलायची तर ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास. कोणती पुंगळी कितीदा वापरली, याची वहीत नोंद. जुनं लष्करी काडतूस हाती आलं तर आधी बुडावरचा शिक्का वाचतात. कारखाना कोणता, साल कोणतं. त्यात जुन्या पद्धतीचा प्रायमर असेल तर त्याचा क्षार नळीत ओल धरतो आणि गंज चढतो, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतात.

रविवारी कागदाच्या निशाणावर नेम धरणारा पेन्शनर एका काडतुसाची एवढी चौकशी करतो. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्या आपल्या शिपायाच्या काडतुसाची कोण करतं?

न केल्यावर काय होतं, ते देशाने पाहिलंय. ऑगस्ट २०१९, बिहारचा सुपौल जिल्हा. माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांचा शासकीय इतमामात अंत्यविधी. समोर मुख्यमंत्री नितीशकुमार. मानवंदनेसाठी २२ बंदुका वर झाल्या आणि एकही वाजली नाही. लोक हसले. मला हसू आलं नाही. ती मानवंदना होती म्हणून निभावलं. समोर कुणी गोळ्या झाडत असता तर?

आणि हे सगळं आपण कुठे बसून बोलतोय? महाराष्ट्रात! पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. थ्री नॉट थ्रीची काडतुसं तिथे वर्षानुवर्षं बनली. भुसावळजवळ वरणगावचा कारखाना १९६४चा, तोही छोट्या शस्त्रांच्या काडतुसांचाच. ज्या राज्यात काडतुसं बनतात, त्याच राज्यातल्या पोलिसाला सरावाला काडतुसं नसावीत, ही विहिरीशेजारी राहून घसा कोरडा पडायची गत झाली.

'पैसा नाही' हे उत्तर तर देऊच नका. पोलीस आधुनिकीकरणाचा निधी न वापरता पडून राहतो, असे शेरे कॅगने अनेक राज्यांबाबत मारलेत. पैसा असतो. पण काडतुसाचं उद्घाटन करता येत नाही. नव्या गाड्यांना झेंडा दाखवता येतो, सीसीटीव्ही कक्षाची फीत कापता येते. फायरिंग रेंजवर उडालेल्या गोळीचं काय दाखवणार? रिकामी पुंगळी?

थ्री नॉट थ्री आता जातेय, हे खरं. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला. चांगलं झालं, जायलाच हवी होती. पण तिच्या जागी येणारी स्वयंचलित बंदूक काडतुसं कमी खात नाही, जास्त खाते. सराव तेव्हाही नव्हता आणि आताही नसेल, तर पुढच्या वेळी फोटोत फक्त बंदूक वेगळी दिसेल.

मी एका जिल्ह्यात माहितीच्या अधिकारात सरावाबद्दल विचारलं होतं. सुरक्षेचं कलम दाखवून अर्ज परत आला. साठा किती, हे मी विचारलंच नव्हतं. तो गुप्त ठेवा, माझी हरकत नाही. पण पोलीस शिपायाने शेवटची गोळी कधी झाडली, यात गुप्त काय आहे?

म्हणून यंदा ती पोस्ट पुढे ढकलण्याऐवजी आपापल्या आमदाराला तीनच प्रश्न विचारा. आपल्या जिल्ह्यात शेवटचा गोळीबार सराव कोणत्या तारखेला झाला? त्यात पोलीस ठाण्यातले शिपाई होते की फक्त मुख्यालयातले? आणि मुदत उलटलेली काडतुसं बाद करायची तपासणी शेवटची कधी झाली?

उत्तर मिळालं तर मला पाठवा, छापतो. नाही मिळालं तर तेही पाठवा. तेही छापतो.