स्वयंसेविकेच्या वर्षांचा हिशेब

रणांगणावरील शौर्यासाठी पदके देण्याची प्रथा जुनी आहे. इंग्लंडमधील सेंट जॉन संस्थेने १८९८ मध्ये सुरू केलेले सेवापदक मात्र निराळ्या जातीचे. प्रथमोपचाराचे शिक्षण घेऊन, विनावेतन, वर्षानुवर्षे न चुकता कामावर उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांसाठी ते होते. पुढे दर पाच वर्षांच्या सेवेनंतर त्याच्या काळ्या-पांढऱ्या फितीवर एकेक पट्टी चढते. पदकावर व्हिक्टोरिया राणीची मुद्रा आजही आहे. साम्राज्य लयाला गेले; पण चिवटपणे केलेल्या सेवेची वर्षे कोणीतरी मोजली पाहिजेत, हा त्यामागील विचार आपणही घ्यावा असा आहे.

आपल्या देशात ही वर्षे मोजायची तर प्रथम आशा स्वयंसेविकांची मोजावी लागतील. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकवस्तीमागे गावातीलच एक स्त्री आरोग्याच्या कामासाठी निवडली गेली. बाळंतिणीला रुग्णालयात नेणे, क्षयरोग्याच्या गोळ्या चुकू न देणे, नवजात बालकाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाणे, ही तिची कामे. या गृहभेटींच्या कल्पनेचे मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटविल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले होते. चार बुके शिकलेली स्त्री अर्भकाचा जीव वाचवू शकते, हे तेव्हा अनेक तज्ज्ञांच्या पचनी पडले नव्हते.

कोरोनाकाळात हीच स्त्री दारोदार फिरली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा एकत्रित गौरव केला. देशभर अभिनंदनाचा वर्षाव झाला. आपल्याकडे सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि मान्यवरांची लांबलचक भाषणे. सत्कारमूर्तीला परतीची एसटी मिळाली की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशांना वाढीव मोबदल्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले, ते या गौरवानंतर दोन वर्षांच्या आत.

‘स्वयंसेविका’ हा शब्द येथे अडचणीचा ठरतो. सेवेची निष्काम वृत्ती आपल्या संस्कृतीत थोर मानली गेली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु निष्कामता हे सेवा करणाऱ्याने स्वतःहून घ्यायचे व्रत आहे. सेवा घेणाऱ्या शासनाने आणि समाजाने ते दुसऱ्यावर लादले, तर त्याला काटकसर म्हणतात. रात्री दोन वाजता प्रसूतीसाठी धावणारी स्त्री ठराविक कामांच्या ठराविक मोबदल्यावर जगते आणि कागदोपत्री कर्मचारी ठरत नाही, ही स्थिती कोणत्याही पदकाने झाकली जाणार नाही. पदक अवश्य द्यावे; पण त्याआधी प्रत्येकीची रुजू झाल्याची तारीख आणि सेवेची वर्षे पक्क्या नोंदीत आणावीत.

केंद्राने २०२५ मध्ये आशांचे ठरावीक मासिक मानधन दोन हजारांवरून साडेतीन हजार केले आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर काम सोडणाऱ्या आशेला द्यावयाची रक्कम वीस हजारांवरून पन्नास हजारांवर नेली. पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र पहिल्या तुकडीतील आशांची वीस वर्षे आता भरत आली. पन्नास हजारांना वीस वर्षांनी भागले, तर महिन्याला सुमारे २०८ रुपये पडतात.