मरणोत्तर दाद

२०२५ सालची शरद ऋतूची अखेर चित्ररसिकांना विलक्षण शोकाची गेली. ४ ऑक्टोबरला ‘पिंजरा’च्या नायिका संध्या गेल्या. २० तारखेला, ऐन दिवाळीत, असरानी गेले. त्यानंतर पाचच दिवसांनी सतीश शाह गेले. नोव्हेंबरात सुलक्षणा पंडित आणि कामिनी कौशल यांच्या निधनाच्या वार्ता आल्या. आणि २४ नोव्हेंबरला, नव्वदावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला असताना, धर्मेंद्र यांनी जगाचा निरोप घेतला. पन्नाशी-साठी उलटलेल्या ज्या प्रेक्षकाने या मंडळींना तिकिटाच्या रांगेत उभे राहून पाहिले, त्याच्या दृष्टीने हे केवळ काही नटनट्यांचे जाणे नव्हते. त्याच्या तारुण्याचे साक्षीदार एकामागून एक उठून गेले होते.

चित्रपटवेड्या माणसाच्या या शोकाची टवाळी करणे विद्वानांना नेहमीच सोपे वाटत आले आहे. ज्याची कधी भेट झाली नाही, त्याच्यासाठी डोळे कसले पुसायचे, असा त्यांचा सवाल असतो. परंतु हा आक्षेप वरवरचा आहे. कीर्तनकाराच्या किंवा शाहिराच्या जाण्याने गाव हळहळत असे, ते काही त्याच्याशी सोयरीक होती म्हणून नव्हे. ज्याने आपल्याला हसविले, रडविले, चार घटका स्वतःच्या विवंचनेतून बाहेर काढले, त्याचे ऋण मनुष्य मानतो. सामान्य रसिकाचा शोक खोटा नाही. प्रश्न आहे तो निराळाच. हे ऋण तो फेडतो कधी आणि कसे?

शोकाची घाई

११ नोव्हेंबर २०२५ रोजी जे घडले, ते या संदर्भात विसरता येणार नाही. धर्मेंद्र रुग्णालयात उपचार घेत होते आणि इकडे त्यांच्या निधनाचे वृत्त देशभर पसरले. पुढाऱ्यांचे शोकसंदेश निघाले, मृत्युलेख झळकले. त्यांची पत्नी आणि कन्या यांना ‘ते जिवंत आहेत’ असे जाहीरपणे सांगण्याची पाळी आली. दुसऱ्याच दिवशी ते घरी परतले. तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, विक्रम गोखले यांच्या वाट्यालाही नेमके हेच आले होते. त्यांच्या निधनाची अफवा आधी पसरली, कुटुंबीयांना तिचे खंडन करावे लागले आणि २६ नोव्हेंबरला ते खरोखरच गेले.

याचा दोष एकट्या वार्ताहरांच्या माथी मारून चालणार नाही. सर्वांच्या आधी श्रद्धांजली वाहण्याची घाई वाचकाला आणि प्रेक्षकालाही झालेली असते. असरानींनी याच्या अगदी उलट मार्ग निवडला. आपल्या मृत्यूचा गाजावाजा होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले आणि मग जगाला वार्ता कळली. आयुष्यभर लोकांसमोर वावरलेल्या या गुणी नटाला अखेरचा प्रवास लोकांना टाळून करावासा वाटला, ही गोष्ट रसिकांनी अंतर्मुख होऊन विचार करावा अशी आहे.

योगायोगाने त्याच वर्षी मराठीत शोक या विषयावरच एक असामान्य चित्रपट येऊन गेला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला २०२५ च्या प्रारंभी अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबरात तो येथील चित्रगृहांत लागला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी शहरातून गावी आलेला तरुण, त्याची आई, नातलगांची बोलणी आणि बालपणीच्या मित्राबरोबर पुन्हा जुळणारे नाते, एवढाच त्याचा ऐवज. त्यात आक्रोश नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही. शोकाला अवधी द्यावा लागतो, हे तो न सांगता सांगतो. पारितोषिकाच्या बातमीने अभिमानाने छाती फुगविणारे मराठी रसिक पुष्कळ होते. त्यातले किती जण प्रत्यक्ष चित्रगृहात जाऊन बसले, याचा हिशेब ज्याने त्याने स्वतःशीच करावा.

उशिरा आलेली दाद

मृत्यूनंतर दाद देण्याची ही खोड आजची नव्हे. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ साली प्रेक्षकांनी झिडकारला. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनी आपले नाव पुन्हा कोणत्याही चित्रपटाला दिले नाही. १० ऑक्टोबर १९६४ रोजी ते गेले आणि मग सावकाश त्या चित्रपटाची गणना श्रेष्ठ कलाकृतींत होऊ लागली. ‘पाकीझा’ ४ फेब्रुवारी १९७२ ला प्रदर्शित झाला. प्रारंभी त्याचे स्वागत बेताचेच झाले, असे चित्रव्यवसायात सांगितले जाते. ३१ मार्चला मीनाकुमारी गेल्या आणि चित्रगृहांसमोर रीघ लागली. स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेल्या. ‘मिर्च मसाला’तील त्यांच्या अभिनयाची वाखाणणी झाली, ती ऐकायला त्या नव्हत्या.

खुद्द धर्मेंद्र यांचे उदाहरण याहून वेगळे नाही. ‘बंदिनी’, ‘अनुपमा’ आणि विशेषतः १९६९ चा ‘सत्यकाम’ यांतील त्यांचा संयत अभिनय पाहिलेल्या कोणालाही त्यांना केवळ ‘मारधाडीचा नट’ म्हणवणार नाही. तथापि ‘सत्यकाम’कडे प्रेक्षकांनी पाठ फिरविली आणि फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक या नटाला कारकीर्दीत एकदाही मिळाले नाही. मिळाला तो १९९७ मध्ये जीवनगौरव. २४ नोव्हेंबरनंतर मात्र ‘सत्यकाम’ची आठवण ज्याला त्याला झाली.

यावर असे म्हटले जाईल की, काळ हाच खरा परीक्षक. त्याचा निकाल उशिरा लागायचाच. हे म्हणणे अंशतः खरे आहे. अभिरुची बदलते, पूर्वी दुर्बोध वाटलेले पुढे उमगते. सतीश शाह यांनी ज्यात बहुतेक वेळ प्रेताची भूमिका करून लोकांना लोटपोट हसविले, तो १९८३ चा ‘जाने भी दो यारो’देखील वर्षे लोटली तसा अधिकाधिक लोकप्रिय झाला. परंतु काळाचा निकाल वेगळा आणि मृत्यूमुळे अंगी आलेला उमाळा वेगळा. पहिल्यात विचार असतो, दुसऱ्यात बहुधा अपराधी भावना. धर्मेंद्र यांचा अखेरचा चित्रपट ‘इक्कीस’ त्यांच्या निधनानंतर पडद्यावर आला, तेव्हा त्याचे परीक्षण तटस्थपणे करणे कोणालाही अवघडच होते. गेलेल्या माणसाच्या कामात खोट काढणे अप्रशस्त वाटते. पण ज्याची पारख होत नाही, त्याचा सन्मानही होत नाही. कीव तेवढी होते.

ऋण फेडण्याचा मार्ग

मग रसिकाने करायचे काय? पहिली गोष्ट अशी की, हयात कलावंताचे काम वेळेवर पाहावे आणि त्यावर प्रामाणिक मत द्यावे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ आला. एक्क्याऐंशी वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांनी कोकणातील वृद्ध दशावतारी कलावंत ज्या ताकदीने उभा केला, त्याला प्रेक्षकांनी गर्दी करून दाद दिली, हे समाधानाचे. चित्रपट उत्तरार्धात सूडकथेच्या वाटेला जातो आणि पूर्वार्धातील कसदारपणा तेथे विरळ होतो, असे ज्याला वाटते त्याने तेही मोकळेपणाने सांगावे. प्रभावळकरांसारख्या नटाचा त्यात अवमान नाही. उलट, ऐकायला कलावंत समोर असताना केलेली चिकित्सा हीच खरी दाद होय.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. नट जातो, पण त्याचे काम फितीवर राहते, अशी समजूत सांत्वनपर असली तरी खरी नाही. फीतही मरते. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून फिती गोळा केल्या, म्हणून प्रभातचा आणि फाळक्यांचा वारसा काही अंशी तरी हाती राहिला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला, तेव्हा त्यासाठी शोकसभा भरल्याचे कोणाला आठवत नाही. फार काय, ‘शोले’सारख्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह निकामी झालेली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने लंडन व मुंबईतील सामग्री धुंडाळून त्याला पुनर्जीवन दिले आणि १९७५ साली सेन्सॉरने बदलायला लावलेला मूळ शेवट जोडून तो जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखविला गेला. डिसेंबरात तो भारतात लागला तेव्हा त्यातला वीरू हयात नव्हता आणि जेलरही.

याउलट ‘मंथन’ची कथा आशादायक आहे. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिल्याने १९७६ साली तो चित्रपट उभा राहिला. त्याची पुनरुज्जीवित प्रत मे २०२४ मध्ये कान महोत्सवात झळकली. श्याम बेनेगल यांना तो गौरव पाहता आला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला ते गेले, पण आपले काम सुस्थितीत मागे ठेवून गेले. प्रेक्षक केवळ टाळ्या वाजविणारा नसतो, तो निर्मिताही होऊ शकतो आणि रक्षणकर्ताही, याचा याहून मोठा दाखला कोणता?

कलावंताच्या पार्थिवावर वाहिलेली फुले दुसऱ्या दिवशी कोमेजतात. त्या फुलांबद्दल कोणाचा आक्षेप नाही. मात्र जो रसिक हयातीत तिकीट काढायला, स्पष्ट मत द्यायला आणि जुन्या चित्रपटांच्या जतनाचा आग्रह धरायला विसरतो, त्याने श्रद्धांजलीच्या वेळी रांगेत पुढे घुसू नये. ऋणको मागेच उभा शोभतो.